बिनआग्रहाचं केळवण

मला माणसाचं वजन नुसत्या नजरेने कळतं. हे मी फुशारकीने सांगत नाही. म्हणजे गेल्या वर्षापर्यंत फुशारकीनेच सांगत होते. पस्तीस वर्षं भोपाळमध्ये टी. टी. नगरच्या सरकारी कचेरीत आकडेवारीचं काम केलं, पण ही विद्या माझी घरची. दार उघडून पाहुणा आत आला की पाण्याच्या आधी माझा शेरा पुढे. "काय गं, सुटलीस की!" नाहीतर, "अरेरे, किती वाळलास! बायको जेवायला घालत नाही का?" लोक हसायचे आणि मला वाटायचं, यालाच आपलेपणा म्हणतात. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आमची आई मला म्हणायची. तेही मला कौतुकच वाटायचं.

माझा दुसरा गुण म्हणजे आग्रह. माझ्याकडे जेवायला बसलेला माणूस 'पुरे' म्हणाला की मला ऐकू येणं बंद होतं. त्याने ताटावर आडवा धरलेला हात मी डाव्या हाताने उचलते आणि उजव्या हाताने वाढते. भोपाळच्या मराठी घरांत या बाबतीत माझ्या तोडीची एकच बाई आहे, माझी मैत्रीण सिंधू. आम्ही दोघी मिळून वाढायला लागलो की पंगतीतले लोक देवाचा धावा करतात.

हे सगळं आधीच सांगून टाकलं, कारण पुढे जे झालं त्यात माझा वाटा किती होता, हे मला लपवायचं नाही.

अमृता माझी भाची. माझ्या धाकट्या भावाची, हेमंतची, एकुलती एक मुलगी. हेमंत भेलच्या टर्बाइनच्या कारखान्यात इंजिनिअर होता, आता निवृत्त आहे. तो, त्याची बायको वैजयंती आणि अमृता अरेरा कॉलोनीत राहतात आणि मी त्यांच्या मागच्या गल्लीत. मी लग्न केलं नाही. पण त्याची भरपाई म्हणून की काय, ही पोरगी शाळा सुटली की दप्तरासकट माझ्याकडे यायची आणि संध्याकाळी तिला ओढून घरी न्यावं लागायचं. मोठी होऊन आर्किटेक्ट झाली, तरी ऑफिसातून येताना आधी माझं दार वाजवायची.

गेल्या वर्षी मे महिन्यात तिचा साखरपुडा झाला. मुलगा सत्यजित, मूळचा नागपूरचा, इथे बँकेत नोकरीला. अंगाने चांगला भरलेला, आणि त्याबद्दल त्याला काडीचंही दुःख नाही. कुठल्याही वरातीत सगळ्यात आधी नाचायला लागतो आणि सगळ्यात शेवटी थांबतो. पहिल्यांदा घरी आला तेव्हा मी सवयीप्रमाणे म्हटलं, "खात्यापित्या घरचे दिसता!" तर म्हणाला, "हओ आत्या, आणि नाचत्या-गात्या घरचेही!" मला तिथेच आवडला.

त्या साखरपुड्याला अमृताने मोरपंखी साडी नेसली होती. इतकी गोड दिसत होती की माझीच दृष्ट लागेल असं वाटलं. पण तोंडाने मी काय म्हटलं? चारचौघांत तिचा दंड चिमटीत धरून म्हटलं, "ब्लाउज दंडात रुतलाय बघ. लग्नापर्यंत मनावर घे हो जरा." बायका हसल्या. अमृताही हसली. आणि तिने मनावर घेतलं.

जूनपासून ती बारीक होत गेली. माझ्याकडे आली की म्हणायची, "घरी खाल्लं," आणि घरी म्हणायची, "आत्याकडे खाल्लं." मी आणि वैजयंतीने एकमेकींना कधी विचारलंच नाही, कारण आम्ही खूश होतो. न्यू मार्केटात ओळखीचं कुणी भेटलं की आधी तिच्याकडे बघायचं. "अय्या, काय मेंटेन केलंयस! काय करतेस सांग ना!" तिचे केस गळायला लागले, तर आम्ही शांपू बदलला. ऑक्टोबरच्या उकाड्यात ती स्वेटर घालून बसायची, तर आम्ही म्हटलं, ऑफिसातल्या एसीमुळे. पूर्वी बोलायला लागली की तिला आवरावं लागायचं, आता ती गप्पगप्प असायची. त्यावर मी म्हटलं, लग्न ठरल्यावर मुली गंभीर होतातच. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार होतं.

मग मी कळस केला. कोजागिरीला आमच्या महिला मंडळाचा कार्यक्रम असतो आणि मी तिथली कार्यवाह. त्या कार्यक्रमात मी अमृताचा सत्कार ठेवला. 'निश्चयाचं फळ' असं नाव दिलं, शाल दिली, श्रीफळ दिलं, फोटो काढले. बायकांनी तिला प्रश्न विचारले, शाळकरी मुलींनी उत्तरं वहीत उतरवून घेतली. ती काय बोलली ते मला आठवत नाही. शाल पांघरल्यावर तिचे खांदे किती टोकदार दिसत होते ते मात्र आठवतं. आणि सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवत होते, तेही आठवतं.

दिवाळी झाली आणि केळवणं सुरू झाली. लग्न ठरलेल्या मुलीला नातेवाइकांनी, स्नेह्यांनी घरी बोलावून जेवू घालायचं, ही आपली रीत. परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसांत तर तिला दुप्पट जोर चढतो. मी यादी केली, चौदा घरांची. पहिला मान सिंधूचा. तिने पाट मांडला, ताटाभोवती फुलांची महिरप काढली, उदबत्ती लावली. ताटात पुऱ्या, दोन भाज्या, अळूवडी, मसालेभात आणि श्रीखंडाची ही मोठी वाटी. अमृताच्या एका बाजूला सिंधू उभी राहिली, दुसऱ्या बाजूला मी.

"घे गं, किती वाळलीस," सिंधू म्हणाली. "आता नाही खायचं तर कधी?"

म्हणजे बघा, महिन्यापूर्वी ज्या वाळण्याचा सत्कार केला, त्याच वाळण्यावरून आता आम्ही तिला दटावत होतो. अमृता नुसती ताटाकडे बघत होती. तिच्या कपाळावर घाम आला होता, हात थरथरत होता. मी श्रीखंडाचा आणखी एक डाव घातला. ती उठली, हात धुवायला बेसिनपाशी गेली आणि तिथेच कोसळली.

चार दिवस ती इस्पितळात होती. तिथे आम्हाला डॉक्टर विनिता भेटल्या. मनोविकारतज्ज्ञ, इंदूरच्या, आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलणाऱ्या. त्यांनी हेमंतला, वैजयंतीला आणि मला समोर बसवलं.

"हा आजार आहे," त्या म्हणाल्या. "नखरे नाहीत, हट्ट नाही, फॅशन नाही. आणि हा फक्त बारीक दिसणाऱ्यांनाच होतो असंही समजू नका."

"तिला भूक लागत नाही का?" हेमंतने विचारलं.

"लागते, खूप लागते. पण भुकेपेक्षा भीती मोठी झालीय. तुम्हाला वाटीत श्रीखंड दिसतं, तिला साप दिसतो. आणि दोन्ही बाजूंनी दोन बायका म्हणतायत, घे, घे!"

माझी मान खाली गेली. मग धीर करून मी त्यांना साखरपुड्यातलं ते वाक्य सांगितलं. दंडाचं.

"एका वाक्याने आजार होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "काही कारणं शरीरात असतात, काही स्वभावात, काही आजूबाजूला. तुम्ही स्वतःला दोष देत बसलात तर तिला त्याचा काही उपयोग नाही. पण तुमच्याकडे उठता-बसता अंगावरून बोलणं चालतं, ते थांबलं तर खूप उपयोग आहे. बारीक झालीस, हेही म्हणायचं नाही. तब्येत सुधारली, हेही नाही."

"मग बोलायचं काय?" मी विचारलं. कसम सांगते, मला खरंच प्रश्न पडला होता.

डॉक्टर हसल्या. "तिच्याबद्दल बोला. अंगाशिवाय तिच्यात बरंच काही असेल की!"

त्या संध्याकाळी मी तिच्या खाटेशी बसले होते. तिचे डोळे मिटलेले, मला वाटलं झोपली. एकदम म्हणाली, "आत्या, मी बरी झाले तर ती शाल परत करावी लागेल का?"

मला रडू आवरेना. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी कुणासमोर डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, त्या दिवशी नर्ससमोर ढसाढसा रडले. "जाळून टाकू ती शाल," मी म्हटलं.

"जाळू नको ना यार," ती डोळे न उघडताच म्हणाली. "उबदार आहे. मला थंडी वाजते."

मग मी रडता रडता हसायला लागले आणि तीही हसली. कित्येक महिन्यांनी हसली. नर्सने येऊन आम्हा दोघींना हिंदीत चांगलं झापलं.

लग्न पुढे ढकललं. सत्यजितच्या घरच्यांना कसं सांगायचं म्हणून वैजयंतीचा जीव टांगणीला लागला होता, पण त्यानेच तो प्रश्न सोडवला. "मेमध्ये करू की," तो म्हणाला. "मी काय पळून जातोय? आणि पळालोच, तर तुम्ही नुसतं चालत आलात तरी मला पकडाल." बाकीची तेरा केळवणं मी रद्द केली. सिंधू फुगून बसली. तिला सगळं समजावून सांगितलं तेव्हा ती माझ्याहून जास्त रडली आणि तिला सावरायला मलाच चहा करावा लागला.

हिवाळा सोपा नव्हता. दिवसातून ठरलेल्या वेळी ठरलेलं खायचं आणि खाताना घरातल्या कुणीतरी सोबत बसायचं, असं डॉक्टरांनी आणि त्यांच्याकडच्या आहारतज्ज्ञ बाईंनी आखून दिलं होतं. काही दिवस ताट तसंच राहायचं. काही दिवस ती रडायची, काही दिवस आमच्यावर ओरडायची. एकदा मला म्हणाली, "तू माझी आत्या नाहीस, वॉर्डन आहेस." पण खरी कमाल हेमंतने केली. हा माझा भाऊ जन्मात कधी चार वाक्यं सलग बोललेला नाही. तो रोज सकाळी पोह्यांची बशी घेऊन तिच्यासमोर बसायचा आणि वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती मोठ्याने वाचायचा. जुना कूलर विकणे आहे. हबीबगंजजवळ पोपट हरवला आहे, 'राम राम' म्हणतो. ती पोपटाची चौकशी करता करता दोन घास जास्त खायची. तिचे पोहे संपेपर्यंत हा उठायचा नाही, मग बूड दुखो की फोन वाजो.

संक्रांतीचं हळदीकुंकू आलं तेव्हा मी अमृताला विचारलं, "मंडळात खरं काय ते सांगू का? तुझं नाव न घेता."

"नाव घेऊन सांग," ती म्हणाली. "सत्कार नाव न घेता केला होतास का?"

मी माईक हातात घेतला आणि सांगितलं, की कोजागिरीला आपण ज्याचा सत्कार केला तो निश्चय नव्हता, आजार होता, आणि टाळ्या वाजवून आपण तो वाढवला. सगळ्यांत आधी मी. नंतर वाण घेताना दोन आयांनी मला कोपऱ्यात नेऊन डॉक्टरांचा नंबर मागितला. एक नववीतली मुलगी तर सरळ माझ्यापुढे येऊन म्हणाली, "आजी, मीपण वहीत लिहून घेतलं होतं. मलापण त्यांच्याशी बोलायचंय." मी तिचा हात धरला आणि तिच्या आईला शोधायला निघाले. हात धरताना तिच्या मनगटाबद्दल एक अक्षर काढलं नाही. माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी अमृताने दार वाजवलं. आत येऊन बसली आणि म्हणाली, "आत्या, मला तुझ्याकडे केळवण हवंय."

माझ्या काळजात धस्स झालं. आनंदही झाला. दोन्ही एकदम झालं.

"एकच," ती म्हणाली. "पंगत मांड. पण माझं ताट मी वाढून घेणार. आग्रह बंद. अंगाबद्दल बोलायचं नाही, जेवणाबद्दल बोलायचं नाही, आणि मी खाल्लं म्हणून वा-वा पण करायचं नाही. सगळे बघतात ना, मग घास गळ्याखाली उतरत नाही. आणि मला वेळ लागतो. माझं होईपर्यंत पंगतीतून कोणी उठायचं नाही."

"बरं," मी म्हटलं.

"आत्या, लग्नात चारशे माणसं असतील. मला पंगतीत बसून जेवायचंय, खोलीत लपून नाही. हे इथे जमलं तर तिथेही जमेल. नाही जमलं, तर मी सत्यजितला सांगणार आहे की अजून थांबू या. तो थांबेल. पण मला आता थांबायचं नाहीये." एवढं बोलून ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली, शाळेतून आल्यावर पडायची तशी.

नियम मोडणाऱ्याला शिक्षा काय, हे सत्यजितने ठरवलं. उखाणा. बाई असो, पुरुष असो, जो जेवणाबद्दल किंवा अंगाबद्दल बोलेल त्याने भर पंगतीत जोडीदाराचं नाव घ्यायचं.

रविवारी दुपारी माझ्या हॉलमध्ये पंगत मांडली. आम्ही सातच जण. अमृता आणि सत्यजित, हेमंत आणि वैजयंती, सिंधू आणि तिचे यजमान अच्युतराव, आणि मी. अच्युतरावांच्या गुडघ्यांमुळे त्यांना स्टूल आणि खुर्ची, बाकी सगळे पाटावर. महिरप मी काढली, ती काढायची मनाई नव्हती. वरणभात, पोळी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि साखरभात, असा बेत अमृतानेच आहारतज्ज्ञ बाईंशी बोलून ठरवला होता. साखरभात तिला लहानपणी जीव की प्राण होता आणि गेल्या वर्षभरात तिने त्याचं शितही तोंडात घातलं नव्हतं. तिने आपलं ताट वाढून घेतलं. मी डाव सत्यजितच्या हवाली केला आणि उजवा हात जेवणात गुंतवला, नाहीतर त्या हाताचा भरवसा नव्हता.

पहिली पाच मिनिटं कोणी बोललंच नाही. मराठी माणसांनी जेवताना जेवणाबद्दल बोलायचं नाही, म्हटल्यावर बोलायचं काय? मग अच्युतराव मेट्रोवर घसरले. कुठलं स्टेशन कुठे, कुठला खांब चुकीच्या जागी. ते बोलत असताना सिंधू सहज म्हणून गेली, "वसुधा, पोळ्या मऊ झाल्यात हं."

"उखाणा!" सत्यजित ओरडला. सिंधूने जीभ चावली, पण चाळीस वर्षं उखाणे घेत आलेली सराईत बाई ती. पदर सावरून म्हणाली,

"मोठ्या तलावावर सुटला गार गार वारा,
अच्युतरावांचं नाव घेते, आता शिक्षा पुरी करा!"

हशा पिकला. मग सत्यजितने मुद्दामच म्हटलं, "हा भात मी तिसऱ्यांदा घेतोय," आणि कोणी सांगायच्या आत हात वर करून,

"न्यू मार्केटला पार्किंगला मिळत नाही जागा,
अमृताच्या मनात मिळाली, मग कशाला करू त्रागा!"

अमृता लाजली. तिचं अर्धं ताट झालं होतं. मी बघत नव्हते. म्हणजे बघतच होते, पण तिरक्या डोळ्याने.

आमची सगळ्यांची जेवणं झाली. कोणी उठलं नाही. खरकटे हात वाळायला लागले, माझ्या पायाला मुंग्या आल्या. अमृताने साखरभाताचा घास उचलला आणि तिचा हात ताटाच्या वर मध्येच थांबला. तो तसाच थरथरायला लागला, सिंधूच्या घरी थरथरला होता तसा. घास खाली ठेवला गेला. कपाळावर घाम दिसायला लागला. मेट्रोही संपली. वैजयंतीने माझ्याकडे पाहिलं आणि त्या एका नजरेत चारशे माणसं, मांडव, पुढे ढकललेलं सगळं होतं.

माझ्या ओठांवर आलं होतं, 'एवढा एक घास घे गं माझ्यासाठी.' जन्मभर हेच म्हणत आले मी. ते मी गिळलं. पण काहीतरी बोलायलाच हवं होतं, त्या शांततेत माझा जीव गुदमरत होता. दुसरं काही सुचेना, आणि माझी जीभ तर जन्माची मोकाट. समोर अच्युतराव दिसले आणि मी म्हणून गेले, "अच्युतराव, किती हो वाळलात तुम्ही!"

जित्याची खोड म्हणतात ती ही.

"आत्या!" अमृताने मान वर केली. "उखाणा!"

"अगं, मला कुठे नवरा आहे?"

"ते मला माहीत नाही. नियम सगळ्यांना सारखा."

पुन्हा हशा. अच्युतराव बिचारे आपलं मनगट निरखत बसले होते. मी वाळलेला हात मांडीवर ठेवला, थोडा विचार केला आणि म्हटलं,

"केला नाही नवरा, तर नाव घेऊ कुणाचं?
अमृताची आत्या मी, एवढंच पद मानाचं!"

अमृता हसली. आधी खुदकन, मग खळखळून, खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसता हसताच तिने डाव्या हाताच्या पाठीने कपाळ पुसलं आणि तो खाली ठेवलेला घास उचलून तोंडात घातला. मग सत्यजितला म्हणाली, "तू ते पार्किंगचं घरून लिहून आणलं होतंस ना? खरं सांग." तो शपथा घ्यायला लागला, ती त्याला खोटं पाडत राहिली, आणि मध्ये मध्ये घास जात राहिले. सावकाश. एक घास, मग बराच वेळ बोलणं, मग दुसरा घास. भिंतीवरच्या घड्याळाकडे मी पाठ करून बसले होते, ते बरंच झालं.

शेवटी ताटात महिरपीच्या दोन पाकळ्या पडलेल्या होत्या, बाकी काही नव्हतं.

आता पंचाईत झाली. आमच्या सहा जणांच्या पोटात आनंद मावेना आणि कौतुक करायला बंदी! टाळी वाजवायची नाही, वा म्हणायचं नाही, मिठी मारायची नाही. सिंधू छताच्या पंख्याकडे बघायला लागली. वैजयंती पाटाची कड नखाने कोरत बसली. सत्यजित उगीचच म्हणाला, "उद्या सोमवार आहे." अच्युतरावांनी गंभीरपणे दुजोरा दिला.

हेमंतच्या गालांवरून मात्र सरळ पाणी ओघळत होतं. सगळ्यांचं लक्ष गेलं तसा तो गडबडला, शर्टाच्या बाहीने डोळे पुसत म्हणाला, "लोणचं फार तिखट आहे."

पंगतीत लोणचं नव्हतंच.

"बाबा," अमृता म्हणाली, "जेवणाबद्दल बोललात. उखाणा."

हेमंतने स्वतःच्या लग्नातही उखाणा घेतला नव्हता. तेव्हा वऱ्हाडातल्या बायकांनी त्याला अर्धा तास अडवून धरलं होतं आणि शेवटी कंटाळून सोडून दिलं होतं. मला वाटलं, आताही मान हलवेल. पण तो पाटावर ताठ बसला, घसा खाकरला आणि कामावरचा अहवाल वाचावा तशा आवाजात सुरू झाला.

"टर्बाइन फिरतं, वीज होते, घरात पडतो उजेड..." अडला. "वैजयंतीचं नाव घेतो..." पुन्हा अडला. "वैजयंतीचं नाव घेतो, माझी मुलगी आज जेवली."

वैजयंतीने पदर तोंडाला लावला.

"बाबा, हे जुळत नाही," अमृता म्हणाली. "आणि नियम परत मोडलात."

"मग परत घेतो."

"घ्या," ती म्हणाली आणि मांडी बदलून नीट बसली. "सावकाश घ्या, बाबा. तुमचं होईपर्यंत कोणी उठत नाही."